बटण बोटाला कळतं, स्क्रीन डोळ्यांना



मोबाईलच्या प्रशिक्षणात एक वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं : "मॅडम, मला ते टचचं काही जमत नाही हो." आणि हे म्हणणारी ताई कोण असते? गटाची वही वर्षानुवर्षं पै न चुकवता लिहिणारी, बँकेत एकटी जाऊन कर्जाचा प्रस्ताव देऊन आलेली. तिला शिलाई मशीन जमतं, गिरणी जमते, काहीजणींना तर ट्रॅक्टरही जमतो. मग हातभर लांबीचीही नसलेली ती काच का जमत नाही?

या महिन्याचा पाठ त्यासाठीच आहे. बटणाचा मोबाईल आणि टचचा मोबाईल यात फरक नेमका काय, कुठलं काम कशावर करावं, आणि टचच्या मोबाईलवर जी दोन-तीन खरी बटणं उरली आहेत ती आपल्याला कधी वाचवू शकतात, हे आपण बघू. पाठ वाचताना मोबाईल जवळ ठेवा. ज्या ताईंना वाचायला अवघड जातं, त्यांना गटातल्या कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा.

आधी एक प्रयोग

हातच्या काकणाला आरसा कशाला? करूनच बघा. एक बटणाचा मोबाईल घ्या. डोळे मिटा. अंगठा बटणांवरून फिरवा. मधोमध एका बटणावर बारीक उंचवटा लागेल. ते ५ चं बटण. ते सापडलं की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. न बघता नंबर लावता येतो. एटीएमच्या बटणांवरही ५ वर असाच ठिपका असतो, पुढच्या वेळी हात लावून बघा.

आता टचचा मोबाईल घ्या आणि पुन्हा डोळे मिटा. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. ५ कुठे, ६ कुठे, लाल खूण कुठे, हिरवी कुठे, बोटाला काहीच कळत नाही. डोळे उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पाठाचं सार इथेच आहे. बटण बोटाला कळतं. स्क्रीन फक्त डोळ्यांना कळते. बटण दाबलं की ते खाली जातं, टक् असं वाजतं, म्हणजे 'तुझं ऐकलं' असं उत्तर बोटाला लगेच मिळतं. काचेवर आपण जे दाबतो ते बटण नसतं, बटणाचं चित्र असतं. काम झालं की नाही हे कळायला पुन्हा डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि स्क्रीनवरचं वाचावंही लागतं. ज्या ताईंना चष्मा लागलाय, वाचन कमी आहे, किंवा उन्हात उभं राहून मोबाईल बघावा लागतो, त्यांना टच अवघड जाणारच. यात बुद्धीचा काही दोष नाही.

"माझं बोट मोबाईल ओळखत नाही"

एका ताईंनी मला हे असंच सांगितलं होतं. सगळ्या हसल्या, पण त्या खरंच बोलत होत्या.

टचच्या काचेखाली अगदी क्षीण विजेचं जाळं पसरलेलं असतं. आपल्या शरीरातून वीज वाहते, म्हणून बोट टेकलं की त्या जागी थोडा बदल होतो आणि मोबाईलला कळतं की बोट इथे आहे. जोराचा इथे संबंधच नाही. म्हणूनच नखाने दाबलं किंवा साध्या पेनाने दाबलं तर काही होत नाही. बटणाचा मोबाईल मात्र नखाने, पेनाने, लाकडाच्या काडीनेही चालतो, कारण तिथे जोरच लागतो.

आता आपले हात बघा. खुरपणी करून, शेंगा फोडून, भांडी घासून बोटाची टोकं कोरडी आणि जाड झालेली असतात. अशा बोटातून तो बदल कमी होतो, आणि स्क्रीनला ते नीट कळत नाही. हात ओले असतील तर उलटाच त्रास. पाण्यातूनही वीज वाहते, त्यामुळे पाण्याचा थेंब म्हणजेच बोट असा मोबाईलचा गोंधळ होतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. भाकरीचं पीठ किंवा पापडाची उकड हाताला असेल तर मध्ये थर येतो. काचेवर जाड गार्ड लावलं असेल तर आणखी एक थर.

यावर साधे उपाय :

१. स्क्रीनला हात लावण्याआधी हात कोरडे पुसा. बोटं फारच कोरडी असतील तर ओल्या फडक्याला किंचित टेकवून मग वापरा. ओलावा हवा, पाणी नको.
२. बोटाचं टोक नको, पेराचा मऊ भाग टेकवा. जोरात दाबू नका. दाबून ठेवलं तर मोबाईलला वेगळाच हुकूम जातो.
३. बऱ्याच मोबाईलमध्ये सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवायची सोय असते. गार्ड लावलेलं असेल तर ती चालू करा.
४. अक्षरं आणि चिन्हं मोठी करा. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' आणि तिथे अक्षरांचा आकार. अँड्रॉइड मोबाईल बनवणाऱ्या गूगल कंपनीनेच ॲप करणाऱ्यांना सांगून ठेवलंय की स्क्रीनवरचं बटण साधारण ९ मिलिमीटर तरी असावं. सगळी ॲप हे पाळत नाहीत. तेव्हा बोट चुकलं तर आधी बटण किती बारीक होतं ते बघा.

बटणं गेली कुठे?

२००३ मध्ये नोकियाचा ११०० नंबरचा मोबाईल आला. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात तो होता. त्याच्या बटणांवर एकसंध रबरी आवरण होतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. पाठीला खरखरीतपणा होता, घामाच्या हातातून निसटू नये म्हणून. वर बॅटरीचा उजेड. जगभरात सुमारे २५ कोटी विकला गेला. हा मोबाईल आपल्यासारख्या देशांतली माणसं, त्यांचे हात आणि त्यांची धूळ डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता.

२००७ मध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीने आयफोन आणला आणि आकड्यांची बटणं काढूनच टाकली. मागोमाग इतर कंपन्याही गेल्या. काही वर्षं स्क्रीनखाली एक 'होम'चं बटण तरी होतं. २०१७ मध्ये सॅमसंग आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांनी आपल्या मोठ्या मोबाईलवरून तेही काढलं. अनेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये त्याच्या जागी स्क्रीनच्या तळाशी तीन चिन्हं आली : त्रिकोण, गोल आणि चौकोन. मागे जायला त्रिकोण, घरी यायला गोल. २०१९ नंतरच्या अनेक मोबाईलमध्ये तर ही चिन्हंसुद्धा लपवलेली असतात, नुसतं बोट सरकवायचं असतं. नवा मोबाईल हातात आल्यावर "मागे कसं जायचं तेच सापडेना" असं होतं, ते यामुळे.

ही तीन चिन्हं परत आणता येतात. सेटिंगमध्ये 'नेव्हिगेशन' शोधा आणि 'थ्री बटन' असा पर्याय निवडा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर निम्मी भीती जाते. ज्यांच्या घरी मुलं-मुली मोबाईल हाताळतात त्यांनी त्यांच्याकडून करून घ्या, पण शेजारी बसून बघा. पुढच्या वेळी स्वतः करायचं.

उरलेली तीन बटणं

टचच्या मोबाईलच्या कडेला हात फिरवा. एक पॉवरचं बटण लागेल, आणि आवाज वाढवायचं व कमी करायचं अशी दोन. एवढीच खरी बटणं उरली आहेत. ती नीट ओळखून ठेवा.

आवाजाचं बटण : सभा चालू असताना मोबाईल वाजला तर स्क्रीनवर शोधत बसू नका, पिशवीतच आवाजाचं बटण दाबा. रिंग गप्प होते, कॉल कट होत नाही.

आवाजाची दोन्ही बटणं एकत्र : बऱ्याच मोबाईलमध्ये ही दोन्ही काही सेकंद दाबून धरली की मोबाईल बोलायला लागतो. ही दृष्टिहीन व्यक्तींसाठी केलेली 'टॉकबॅक'ची सोय आहे. चुकून चालू झाली की मोबाईल प्रत्येक गोष्ट वाचतो आणि एकदा दाबून काही उघडत नाही. घाबरून दुकानात धावू नका. तीच दोन बटणं पुन्हा तेवढाच वेळ दाबून धरा.

पॉवरचं बटण : मोबाईल बटव्यात किंवा पिशवीत ठेवण्याआधी हे एकदा दाबून स्क्रीन बंद करा. घामाने, ओलाव्याने आपोआप कॉल लागतात ते थांबेल. या बटणाचं एक फार मोठं काम आहे, ते पुढे सांगते.

स्क्रीनवरचं बटण कोणी काढलं?

आता पैशाची गोष्ट. इथे लक्ष देऊन वाचा.

खऱ्या बटणाचा अर्थ बदलत नाही. ५ दाबलं की ५. स्क्रीनवरचं बटण हे चित्र आहे, आणि चित्र कोणीही काढू शकतं. बँकेचं ॲप काढतं, जाहिरात काढते, आणि फसवणारासुद्धा काढतो. हिरव्या रंगात 'पैसे मिळवा' असं लिहिलेलं बटण दाबलं म्हणजे पैसे मिळतील असं नाही. रंगावर जाऊ नका, वर लिहिलंय त्यावरही एकदम विश्वास ठेवू नका. हे चित्र आपल्यापर्यंत कुणी पाठवलं, हा प्रश्न आधी विचारा.

चार नियम पाठ करा :

पहिला, पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. कोणी म्हणालं की "पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका," तर समजा की पैसे येणार नाहीत, जाणार आहेत.

दुसरा, पैसे पाठवताना स्क्रीन अडकली, गोल फिरत राहिला, तर पुन्हा दाबू नका. खऱ्या बटणाची सवय असलेलं बोट चटकन दुसऱ्यांदा दाबतं. थांबा. आधी व्यवहारांची यादी बघा, बँकेचा मेसेज बघा, मगच ठरवा. नाहीतर दोनदा पैसे जाऊ शकतात.

तिसरा, पुण्यात विक्रीला बसलात की हा नियम विसरू नका. शेतकी महाविद्यालयाच्या मैदानावरच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी स्टॉलसमोर गर्दी असते, एक हात मापात, एक हात पिशवीत. गिऱ्हाईक स्वतःचा मोबाईल दाखवतं : "हे बघा ताई, हिरवी खूण आली." ती खूण त्यांच्या स्क्रीनवरचं चित्र आहे. खोटी स्क्रीन दाखवून फसवल्याचे प्रकार होतात. सगळी गिऱ्हाइकं तशी नसतात, बहुतेक भलीच असतात, पण आपला माल आपल्या घामाचा आहे. पैसे आले हे आपल्या खात्याच्या मेसेजवर बघा, किंवा पैसे आल्याचं बोलून सांगणारा स्पीकर ठेवा. त्याचा फायदा हाच की डोळे मापावर असतानाही कानाला उत्तर मिळतं. नम्रपणे म्हणा, "दादा, आवाज आला की पिशवी देते." यात लाजण्यासारखं काही नाही.

चौथा, कुणाच्या सांगण्यावरून आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप घेऊ नका. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेली, शेवटी 'एपीके' असं लिहिलेली फाईल उघडू नका. अशा मार्गाने लांब बसलेला माणूस तुमची स्क्रीन बघू शकतो, कधी तुमच्या वतीने स्क्रीनवरची बटणंही दाबू शकतो. कडेचं पॉवरचं बटण मात्र तो लांबून बोटाने दाबू शकत नाही. शंका आली त्या क्षणी कॉल तोडा, मोबाईल बंद करा, आणि दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त. उद्या बघू म्हणू नका.

जिथे चूक परवडत नाही तिथे काय असतं?

बटण म्हणजे मागासलेलं, टच म्हणजे पुढारलेलं, असा एक समज आहे. तो तपासून बघू.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला आपण गेलो होतो. मतदान यंत्रावर टच नव्हता. उमेदवारापुढे निळं बटण होतं. दाबलं की शेजारी लाल दिवा लागला, पलीकडच्या खिडकीत ७ सेकंद चिठ्ठी दिसली, आणि बीप वाजली. बोटाला, डोळ्यांना आणि कानाला अशी तिन्हीकडे उत्तरं मिळाली. बटणाशेजारी ब्रेल लिपीतले आकडेही असतात, म्हणजे दृष्टिहीन ताईसुद्धा कुणाला न विचारता आपलं मत देऊ शकते.

जगातलं एक उदाहरण सांगते. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेच्या नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजाला धडकली. १० नौसैनिक गेले. या नौकेचं सुकाणू आणि वेग टचच्या स्क्रीनवरून चालत होते. कुठल्या स्क्रीनकडे कशाचा ताबा आहे याचा कर्मचाऱ्यांचा गोंधळ झाला होता. प्रशिक्षणही अपुरं होतं. चौकशीनंतर २०१९ मध्ये नौदलाने ठरवलं की अशा नौकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचे. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून नियम कडक केले. इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे नसतील, तर गाडीला सगळ्यात वरचे गुण मिळणं अवघड.

म्हणजे शिकलेल्या, सराव केलेल्या माणसांचाही स्क्रीनवर गोंधळ होतो. तेव्हा "मलाच जमत नाही" हे वाक्य आता सोडून द्या.

११२ : हे बटण बोटाला पाठ हवं

मघाशी म्हटलं होतं की पॉवरच्या बटणाचं एक मोठं काम आहे. ते हे.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर केंद्र सरकारने निर्भया निधी उभा केला. त्याच निधीतून देशभर ११२ हा एकच आणीबाणीचा नंबर सुरू झाला. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी एकच. ही यंत्रणा उभारण्याचं काम सी-डॅक या सरकारी संस्थेकडे आलं, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे.

त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये दूरसंचार खात्याने एक नियम केला. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये आणीबाणीचं बटण असलंच पाहिजे. बटणाच्या मोबाईलमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरायचं. टचच्या मोबाईलमध्ये पॉवरचं बटण पटापट ३ वेळा दाबायचं, किंवा 'इमर्जन्सी कॉल' हे बटण दाबून धरायचं.

नीट बघा, हा नियम करताना स्क्रीनवर नुसतं एखादं चित्र द्या असं म्हटलं नाही. ५, ९ आणि पॉवर ही हाताला लागणारी बटणं निवडली. कारण ज्या वेळी हे लागेल त्या वेळी अंधार असेल, हात थरथरत असतील, मोबाईल पदराखाली असेल, कुणीतरी समोर उभं असेल. तेव्हा कुलूप उघडून, ॲप शोधून, वाचून दाबायला सवड नसते. कदाचित बघायचीही सोय नसते. स्वारगेटहून शेवटची एसटी पकडणारी ताई असो, की घरातल्याच माणसाचा मार खाणारी ताई असो, तिच्या बोटाला ते बटण न बघता सापडलं पाहिजे.

पण नियम कागदावर असून भागत नाही. तुमच्या मोबाईलमध्ये ती सोय चालू आहे का हे बघा. सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' किंवा 'एसओएस' असं शोधा. काही मोबाईलमध्ये पॉवरचं बटण ३ ऐवजी ५ वेळा दाबायचं असतं, काहींमध्ये ही सोय आधी चालू करावी लागते. तुमच्या मोबाईलला किती वेळा, ते पाठ करा. तिथेच जवळच्या माणसांचे नंबरही घालता येतात. खरा कॉल लावून सराव करू नका, कारण तुमच्या खोट्या कॉलमुळे दुसरी एखादी थांबून राहील. चुकून लागलाच तर घाबरून तोडू नका, "चुकून लागला, मी ठीक आहे" असं सांगा. मोबाईल बंद करून बटणाची जागा बोटाने शोधायचा सराव मात्र कितीही वेळा करा.

बटणाचा मोबाईल असला म्हणून

काही ताई सभेत बटणाचा मोबाईल पदराआड धरतात. धरू नका. ८ मार्च २०२२ ला, महिला दिनाच्याच दिवशी, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 'यूपीआय १२३ पे' ही सोय सुरू केली, ती खास बटणाच्या मोबाईलसाठी. इंटरनेट लागत नाही. नंबर लावायचा, आवाज सांगेल तसे आकडे दाबायचे आणि पैसे पाठवायचे. सुरुवातीला एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १०,००० करण्याचं जाहीर केलं. त्याशिवाय स्टार ९९ हॅश लावूनही शिल्लक बघता येते आणि पैसे पाठवता येतात, मराठीतसुद्धा. तुमच्या खात्याला यातलं काय चालतं आणि कुठला नंबर लावायचा, हे आपल्या बँक सखीला किंवा शाखेत जाऊन विचारा. अनोळखी माणसाने मेसेजमध्ये पाठवलेला नंबर लावू नका.

आणि टचचा मोबाईल वाईट, असंही मी म्हणत नाही. बटण एकाच कामाचं असतं, स्क्रीन मात्र रूप बदलते. तीच काच मराठी अक्षरांची पाटी होते, मालाचा फोटो दाखवते, लेकीचा चेहरा दाखवते. माईकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोललं की लिहून देते, म्हणजे लिहिता न येणारी ताईसुद्धा निरोप पाठवू शकते. बटणाच्या मोबाईलवर मराठी लिहायला एकेका अक्षराला तीन-तीनदा दाबावं लागायचं, ते दिवस आठवा. म्हणून दोन्हीतलं एक निवडायची गरज नाही. वाचून-विचारून, सावकाश करायचं काम स्क्रीनवर करा. घाईत, अंधारात, भीतीत करायचं काम बटणावर आधीच बसवून ठेवा.

या महिन्याच्या सभेत करायचं काम

१. प्रत्येकीने डोळे मिटून आपल्या मोबाईलचं पॉवरचं बटण शोधून दाखवायचं. बटणाचा मोबाईल असेल तर ५ शोधायचा.
२. प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये ११२ ची सोय चालू आहे का ते दोघी-दोघींनी मिळून तपासायचं. किती वेळा दाबायचं ते सचिवांनी नावापुढे लिहायचं. ज्या ताईकडे स्वतःचा मोबाईल नाही तिचंही नाव यादीत घ्या, आणि अडचणीच्या वेळी तिने कुणाचं दार वाजवायचं ते तिच्याशी एकटीला विचारून ठरवा, सगळ्यांसमोर नको.
३. अक्षरं मोठी करणं आणि तळाची तीन चिन्हं आणणं, ही दोन कामं सभेतच उरकायची.
४. विक्रीला जाणाऱ्या सख्यांनी 'आवाज किंवा मेसेज आल्याशिवाय माल नाही' असा ठराव करून वहीत लिहायचा.
५. गटातल्या कुणाकडे जुना चालू बटणाचा मोबाईल पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. चार्ज करून, सिम घालून गटाच्या पेटीशेजारी ठेवता येईल का, यावर चर्चा करा.

यातलं काय जमलं, कुठे अडलं, ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. ज्या मोबाईलमध्ये ११२ ची सोय सापडलीच नाही, त्याचं नाव आणि मॉडेल एका कागदावर लिहून आणा. पुढच्या फेरीत मी येईन तेव्हा आधी तेच मोबाईल घेऊन बसू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक